उरलेली दुपार

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत सौर विजेचा जमाखर्च पहिल्यांदा मांडला गेला तो एका उपग्रहासाठी. १९७२ मध्ये इथल्या आस्बेस्टॉसच्या छपरांच्या शेडमध्ये अवकाशशास्त्रज्ञ यू. आर. राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'आर्यभट' बांधायला घेतला. सव्वीस पैलूंचा, ३६० किलो वजनाचा, अंगावर सौरघट चिकटवलेला. आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्याची ताकद ४६ वॉट. आपल्या घरातला जुना पंखासुद्धा त्यावर धड फिरला नसता. मी इथे टूलरूममध्ये लागलो तेव्हा जुने फिटर जेवणाच्या सुट्टीत 'ती शेड' दाखवायचे. कुठली शेड यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही.

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटने तो वर नेला. पृथ्वीभोवतीची त्याची फेरी साधारण ९६ मिनिटांची. त्यातला मोठा भाग उन्हात, उरलेला पृथ्वीच्या सावलीत. उन्हात मिळेल त्यातून चालू काम भागवायचं, उरेल ते बॅटरीत भरायचं, सावलीत तेच काढून खायचं. आणि बॅटरी भरल्यावरही ऊन उरलंच, तर? उपग्रहावर अशी जास्तीची वीज सरळ उष्णता करून अवकाशात टाकून देतात. दुसरा इलाज नसतो. वर शेजारपाजार नाही, मागणारं कुणी नाही. आर्यभटाचे प्रयोग तर पाचव्या दिवशीच वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने थांबले, पण तो जमाखर्च शिकलेली माणसं इथेच राहिली आणि पुढचे उपग्रह त्यांनी केले.

माझ्या गच्चीवरच्या तीन किलोवॉटला मात्र शेजार आहे. मला वाटतं, घरच्या सौर विजेचा सगळा प्रश्न या शेजाराचा आहे. पॅनल, इन्व्हर्टर, सबसिडी हे त्याच्या मानाने सोपं.

आमचं घर औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे, म्हणजे वसाहत कुठे संपते आणि वस्ती कुठे सुरू होते हे पोस्टमनलाही सांगता येणार नाही अशा ठिकाणी. तुमकूर रोडवरून मेट्रो नागसंद्रकडे जाते तेव्हा उजवी-डावीकडे खाली बघा. पत्र्याची शेड, तिला टेकून तीन मजली घर, घराच्या तळमजल्यावर लेथ आणि दोन मिलिंग मशिनं, वर धुणं वाळत घातलेलं, त्याच्याही वर पाण्याच्या काळ्या टाक्या. बेळगाव, निपाणी, सांगलीकडची पोरं इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये बंगळुरात इलेक्ट्रिक कंपनी काढली तेव्हापासूनच ही वाट मळलेली होती. मी त्या वाटेने उशिरा आलेल्यांपैकी.

तीन किलोवॉटचा संच इथे स्वच्छ दिवशी बारा युनिटच्या आसपास वीज देतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. हवा थंड, म्हणून पॅनल फार तापत नाहीत. पॅनल तापलं की वीज घटते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यापेक्षा इथला फेब्रुवारी त्यांना मानवतो. साडेअकरा-बाराला दोन किलोवॉटच्या वर आकडा जातो. त्या वेळी घरात काय चालू असतं? फ्रिज, वायफायचा डबा, एखादा पंखा. मिळून दोन-अडीचशे वॉट. बाकी सगळं मीटरमधून उलट्या दिशेने बाहेर.

हे 'बाहेर' म्हणजे कुठे, याबद्दल लोकांच्या कल्पना मजेदार असतात. आमच्या बागेतल्या संध्याकाळच्या मंडळात एक गृहस्थ ठामपणे सांगतात की आपली वीज 'ग्रिडमध्ये जमा होते'. जमा वगैरे काही होत नाही. तारेला पोट नसतं. माझ्या गच्चीवरून निघालेली वीज त्याच रोहित्रावरच्या सगळ्यात जवळच्या मागणाऱ्याकडे त्याच क्षणी जाते. आमच्या गल्लीत तो मागणारा म्हणजे पलीकडच्या तळमजल्यावरचा लेथ. दुपारी साडेअकराला तिथे जो लोखंडाचा कीस निघतो, त्याच्यात माझ्या छपरावरचं ऊन असतं. मीटरला हे कळत नाही, बिलावर ते येत नाही, त्या लेथवाल्याला तर पत्ताही नाही. पण तारांचं शास्त्र असंच आहे.

याचा पुरावा मला इन्व्हर्टरच्या पडद्यावर मिळतो. त्यावर व्होल्टेज दिसतं. कामाच्या दिवशी सकाळभर ते २३०च्या आगेमागे असतं. जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की आकडा चढू लागतो. बंगळुरात सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ येतो तो साधारण बारा वीसला, म्हणजे वीज सर्वांत जास्त तयार होण्याची वेळ आणि कामगारांचे डबे उघडण्याची वेळ जवळजवळ एकच. सुट्टी संपली, मशिनं फिरली, आकडा खाली. आयुष्यभर भोंग्यावर जेवलो. आता भोंगा ऐकू आला नाही तरी व्होल्टेजवरून कळतं.

रविवारी मात्र पीण्या बंद. त्या दिवशी गल्लीतली सगळी छपरं देणारी आणि घेणारं कुणी नाही. व्होल्टेज २४५, २५० करत वर जातं. नियमाने ठरलेल्या वरच्या मर्यादेपाशी, म्हणजे २५३च्या सुमाराला, इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा जोडून बघतो, पुन्हा तोडतो. लख्ख ऊन आणि उत्पादन शून्य. यात कुणाची चूक नाही. तारेत मावेल तेवढंच मावणार. वीज गेली तरी हेच होतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आमच्या छपरावरून झटका बसू नये म्हणून संच आपोआप बंद होतो. पॅनल लावलेल्या प्रत्येक घरात पहिल्यांदा वीज गेली की कुणीतरी गच्चीकडे बघून विचारतंच, "अहो, मग हे कशाला लावलं?"

आता पैशाचं. २०१३ मध्ये कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाने छपरावरच्या सौर विजेला विनासबसिडी युनिटमागे ९ रुपये ५६ पैसे दर दिला होता. त्या काळी शहाणा माणूस स्वतः कमी वापरून जास्तीत जास्त वीज विकायचा. पुढे पॅनल स्वस्त होत गेले, दर उतरत गेले, आणि आज नव्या संचाला मिळणारा भाव त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. विकत घ्यायची वीज मात्र सहा रुपयांच्या घरात. त्यामुळे शहाणपणही उलटलं: जे तयार होतं ते त्याच वेळी घरात वापरा. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, छपरं झपाट्याने निळी झाली, आणि दुपारच्या विजेची गर्दी वाढली. गर्दीत भाव पडतो, हे भाजी मंडईत जाणाऱ्याला समजावून सांगायला नको.

सांगलीला माझा चुलतभाऊ आहे. त्याच्याकडे महावितरण. तो फोनवर मला हिणवतो, "तुमच्याकडे महिन्याला हिशेब मिटवतात, आमचे युनिट मार्चपर्यंत खात्यात राहतात." खरं आहे. महाराष्ट्रात शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि ३१ मार्चला उरलेल्यांचे पैसे ठरल्या दराने मिळतात. पण हिवाळ्यात साठवलेलं सगळं ३१ मार्चला निकालात निघतं आणि १ एप्रिलला, नेमका उन्हाळा सुरू होताना, खातं कोरं. सांगलीचा एप्रिल ज्याने भोगलाय त्याला यातली गंमत कळेल. मी हे म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणून तर मार्चमध्ये बायको पापड-कुरडयांचं सगळं पीठ विजेवर दळून घेते." हा माणूस भारनियमनाच्या काळात रात्री दोनला उठून शेतातली मोटर चालू करायचा. तेव्हाही वीज येईल तेव्हा काम, आणि आताही. फक्त तेव्हा रात्र होती.

आमच्या घरात दुपारकडे कामं सरकवण्याचा उद्योग मी सुरू केला आणि हिने तो ताब्यात घेतला. मी कागदावर मांडत बसलो होतो. पहिली कल्पना पाण्याची. बंगळुरात बहुतेक घरांना जमिनीत संप, म्हणजे हौद, आणि वर टाकी; कावेरीचं पाणी संपात येतं आणि आपण ते वर चढवतो. मला वाटलं, पंप पहाटेऐवजी दुपारी लावला की झाली बॅटरी. गणित केलं. हजार लिटर पाणी दहा मीटर उचलायला तत्त्वतः फक्त २७ वॉट-तास लागतात. घरगुती पंप वाया घालवतो ते धरून पाव युनिट समजा. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला पाण्याच्या वजनाचा दरारा वाटतो, पण उंचीत साठणारी ऊर्जा किती किरकोळ! उलट पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला एक पूर्ण युनिट. म्हणजे स्नानाच्या दोन बादल्या तापवणं हे चार टाक्या भरण्याइतकं. पाणी उचलून वीज साठवायची तर डोंगरच लागतो. आपल्याकडे घाटघरला तसं केलंय: २५० मेगावॉटचं केंद्र, वरचा तलाव अकोले तालुक्याच्या डोंगरात, खालचा शहापूरकडे चोंढ्याला, रात्रीची स्वस्त वीज घेऊन पाणी वर नेण्यासाठी ते आखलेलं. आता अशा केंद्रांना रात्रीऐवजी दुपार सोयीची ठरते आहे.

तेव्हा घरात खरं कोठार गरम पाण्याचं. बंगळुरूने हे आधीच ओळखलं होतं. इथल्या गच्च्यांवर पाणी तापवणाऱ्या सौर टाक्या पॅनल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. आमच्याकडे ती नव्हती, गीझर होता. त्याला टायमर लावला, साडेअकराला चालू. टाकीचं आवरण बरं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अंघोळीपुरतं ऊनच असतं. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं घरोघरची गरम पाण्याची टाकी रात्री स्वस्त दरात तापायची; तिथेही आता ती वेळ भरदुपारी नेत आहेत. त्याच देशातल्या साउथ ऑस्ट्रेलियात तर २०२० च्या सप्टेंबरपासून नव्या छप्पर-संचांना, वेळ आली तर दुरून बंद करता येण्याची अट आहे. आमच्या रविवारचंच ते थोरलं रूप.

बाकीचं सगळं हिचं. ढग बघून ती ठरवते. डोशाचं वाटण, कुकरचा भात इंडक्शनवर, धुण्याचं मशीन, इस्त्री. एकाच वेळी दोन मोठी यंत्रं लावायची नाहीत, एकामागून एक, म्हणजे पॅनलच्या आकड्याखाली सगळं बसतं. मी हे फोनवरच्या आलेखावरून सांगायला गेलो, तर म्हणाली, "आलेख कशाला, सावली किती गडद पडलीय ते बघा की." जूनपासून तिचं वेळापत्रक रोज बदलतं. मे महिन्यातल्या वळवाच्या आधी आभाळ भरून येतं तेव्हा ती अकराच्या आत सगळं उरकून मोकळी होते.

एक रोग मात्र मी बागेतल्या मंडळात वाढताना बघतोय. वीज उरते म्हणून दुसरा फ्रिज. उरते म्हणून बैठकीत एसी, बंगळुरात! एकाने मासे नसलेल्या टाकीचा पंप दिवसभर चालू ठेवलाय, "नाहीतरी फुकटच आहे." आपलं युनिट दुसऱ्याला स्वस्तात जातंय याचं दुःख एवढं की ते वाया घालवणं परवडतं. मला हे पटत नाही. पलीकडच्या लेथवर गेलेलं युनिट वाया गेलेलं नाही. त्यातून बुश झाला, फ्लँज झाली, कुणाच्या तरी हप्त्याचे पैसे निघाले. शिवाय तेवढा कोळसा वाचला. माझ्या बिलात मला चार रुपये कमी मिळाले असतील, पण जमाखर्च माझ्या बिलापाशी संपत नाही. घरी उपयोगाचं काम असेल तर ते दुपारी करावं, नसेल तर वीज सुखाने जाऊ द्यावी.

बॅटरीचंही तसंच. जावई दर भेटीत विषय काढतात. रात्रीच्या चार-पाच युनिटांसाठी लाखाच्या पुढचा खर्च. ज्यांच्याकडे वीज सारखी जाते, घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे, त्यांनी जरूर घ्यावी. मी थांबलोय. भाव उतरतायत, आणि तोवर माझी बॅटरी म्हणजे तो लेथ.

इतका वेळ मी दुपारबद्दल असं बोलतोय जणू ती सगळ्यांकडे असते. मी निवृत्त, ही घरात. म्हणून आम्हाला ढग बघून भात लावता येतो. आमचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो. तिला चार्ज करायची उत्तम वेळ दुपारी बारा, आणि दुपारी बाराला ती कुठल्यातरी कचेरीच्या तळघरात उभी असते. रात्री घरी येते तेव्हा आमची गच्ची झोपलेली, आणि सगळ्या राज्यावर मागणीचा ताण. तुमकूर जिल्ह्यात पावगडला २०५० मेगावॉटचा सौर पार्क आहे. त्याच्या दुपारचंही शेवटी हेच दुखणं. वीज आहे तेव्हा माणूस नाही, माणूस आहे तेव्हा वीज नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर निपाणीकडची एक मुलगी भाड्याने राहते, धाकट्या बहिणीबरोबर. गारमेंटमध्ये शिलाई मशीनवर. पीण्यातल्या अशा हजारो मुलींचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो: पाणी, स्वयंपाक, डबा, धुणं, मग बस. संध्याकाळी परतल्यावर उरलेलं. त्यांच्या घरकामाचं एकही काम सूर्याच्या वेळेत बसत नाही. सूर्याच्या वेळेत त्या दुसऱ्याच्या छपराखाली दुसऱ्याचे कपडे शिवत असतात. गच्ची घरमालकाची, पॅनल घरमालकाचे, सबसिडी घरमालकाला. सरकारच्या गृहज्योती योजनेतून २०२३ पासून दोनशे युनिटच्या आतला घरगुती वापर फुकट आहे, त्यामुळे तिचं बिल शून्य येतं. ते चांगलंच आहे. पण त्यामुळे तिच्यासाठी पहाट आणि दुपार यांच्यात फरकही उरत नाही. केंद्राने २०२३ मध्ये उन्हाच्या तासांत वीज स्वस्त ठेवण्याचा नियम केला. दुपारी घरी नसलेल्या माणसाला त्या स्वस्ताईचं काय करायचं, हे कुठल्या नियमात बसवणार? खरं तर तिची वीज तिच्या कारखान्याच्या छपरावर तयार व्हायला हवी आणि कारखान्याने दुपारचं वापरून तिची पाळी लवकर सोडायला हवी. पण ही झाली माझ्यासारख्या रिकाम्या माणसाची योजना.

हिची योजना छोटी होती. एका रविवारी इन्व्हर्टर नेहमीप्रमाणे तुटत-जोडत होता आणि मी गच्चीवर वैतागत होतो. वरची मुलगी आठवड्याचं धुणं बादलीत भिजवून नळाशी बसली होती. हिने तिला खाली हाक मारली. "अगं, मशीन रिकामं आहे, टाक त्यात."

"नको काकू, तुमची वीज कशाला."

"आमची कुठली, वरनं परत ढकलतायत ती. घेणारं कुणी नाहीये, बघ."

धुण्याचं मशीन लागलं, मागोमाग हजार वॉटची इस्त्री. युनिफॉर्मचे ब्लाउज, ओढण्या, बहिणीचे कॉलेजचे ड्रेस. गीझरही चालू करायला सांगितलं, पोरींनी डोकं धुवायचं म्हणाली. पडद्यावरचं व्होल्टेज पाच-सहाने उतरलं आणि इन्व्हर्टर टिकून राहिला. पीण्या बंद असताना आमच्या घरात एक पाळी भरली होती. गल्लीतल्या बाकीच्या छपरांनाही त्याचा थोडा फायदा झाला असणार, कारण उतरलेलं व्होल्टेज सगळ्यांचंच उतरतं.

तेव्हापासून रविवारची दुपार वरच्यांची. आता बहिणीच्या मैत्रिणीही येतात, इस्त्रीसाठी रांग लागते, आणि कोण आधी यावरून कन्नड-मराठीत भांडणं होतात. परवा ही म्हणाली, "अहो, दुसरी इस्त्री आणा. दोन्ही एकदम चालतात का ते आधी तुमच्या त्या आलेखावर बघा." बघितलं. बारा ते दीड, ढग नसेल तर, चालतात.